पोरांना ‘पेटंट टाका’ म्हणायच्या आधी कलम ३ वाचून दाखवा : कॉलेजांच्या पेटंट सेलला खुलं पत्र

माननीय प्राचार्य, आयपीआर सेलचे कोऑर्डिनेटर आणि फायनल इयर प्रोजेक्टचे सगळे गाईड सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचा ही विनंती. मी गेली नऊ वर्षं पेटंट ड्राफ्टिंगचं काम करते, म्हणजे कुणी काही नवीन बनवलं की ते कायद्याच्या भाषेत नीट लिहून द्यायचं, क्लेम्स पाडायचे, म्हणजे यातलं नेमकं काय आपलं हे मुद्देवार सांगणारे दावे, पेटंट ऑफिसकडून ऑब्जेक्शन आलं की उत्तर द्यायचं. दरवर्षी जानेवारी उजाडला की मला तुमच्याच कॉलेजांमधल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात आणि फोनवरचं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, “मॅडम, सरांनी सांगितलंय मार्चच्या आत पेटंट टाकायचंय, किती दिवसांत होईल?” मी विचारते, काय बनवलंय? तर बऱ्याचदा पलीकडे शांतता, आणि मग “ते टॉपिक अजून फायनल व्हायचाय.”

या पोरांवर माझा अजिबात राग नाहीये, कारण मीही त्यांच्यातलीच एक होते. बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघींच्या ग्रुपकडून आमच्या कॉलेजने असंच एक पेटंट टाकून घेतलं होतं. कोरफड, हळद आणि कडुलिंबाचा जेल, जखमेवर लावायला. प्रत्येकीने घरून तीन-तीन हजार आणले, एका एजंटने चार दिवसांत बारा पानं लिहून दिली, आम्ही सह्या केल्या, फोटो काढला, तो फोटो नोटीस बोर्डावर लागला. आमच्या घरी तर पेढे वाटले होते. मग दोन-अडीच वर्षांनी एके दिवशी त्या एजंटकडून एक पीडीएफ फॉरवर्ड होऊन आली, पहिला तपासणी अहवाल, ज्याला या कामात सगळे एफईआर म्हणतात. पहिल्याच पानावर एक तक्ता होता, एका बाजूला मुद्दे आणि समोर आमच्या क्लेम्सचे नंबर, नावीन्य, इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे जाणकारालाही सहज न सुचणारं काही आहे का, वगैरे, आणि खाली एक ओळ कलम ३ ची. त्या ओळीसमोर आमचे सहाच्या सहा क्लेम. कारण दिलेलं, ३-ई आणि ३-पी. मी ते तेव्हा तीनदा वाचलं आणि मला एक अक्षर कळलं नाही, कारण चार वर्षांत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की अशाही गोष्टी असतात ज्यांना पेटंट मिळूच शकत नाही. उत्तर द्यायला सहा महिने होते, पण तोवर एक जण वापीला नोकरीला, एकीचं लग्न झालेलं, कॉलेजला फोन केला तर कोऑर्डिनेटर बदललेले. सहा महिने गेले, उत्तर गेलं नाही, अर्ज सोडून दिला असं कायद्याने धरलं गेलं, विषय संपला. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र पुढे कितीतरी वर्षं तो अर्ज ‘विद्यार्थिनींचं पेटंट’ म्हणून छापून येत होता.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. अर्ज टाकणं वेगळं, तो पब्लिश होणं वेगळं आणि पेटंट मिळणं वेगळं. आपल्याकडे अर्ज टाकला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये आपोआप छापला जातो, आणि फॉर्म ९ भरून २५०० रुपये जास्तीचे दिले तर त्याहून खूप लवकर. छापण्याआधी त्यात नवीन काय आहे, त्याला पेटंट मिळण्याजोगं आहे का, हे कुणीही तपासलेलं नसतं. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते, तिची फी वेगळी. त्यामुळे ‘पेटंट पब्लिश्ड’ म्हणून हार घालून सत्कार होतो तेव्हा प्रत्यक्षात एवढंच झालेलं असतं की अर्ज सगळ्या जगाला वाचायला खुला झालाय. रँकिंगमध्ये पब्लिश झालेलेही मोजतात म्हणून हा सगळा मार्चचा आटापिटा चालतो हे मला माहितीये, तुमच्यावर वरून प्रेशर असतं हेही माहितीये. पण त्याची किंमत पोरं मोजतात.

आता मुद्द्यावर येते. आपला पेटंट कायदा १९७० चा, लागू झाला २० एप्रिल १९७२ ला. या कायद्यात सुरुवातीलाच कलम ३ आहे आणि त्याचं शीर्षकच मुळी ‘कशाला शोध म्हणायचं नाही’ अशा अर्थाचं आहे. फार मोठं नाहीये, दीड-दोन पानांत संपतं. ए पासून पी पर्यंत पोटकलमं आहेत, त्यातलं जी तेवढं २००२ च्या दुरुस्तीत काढून टाकलंय. प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला अर्धा तास काढून ही दोन पानं पोरांबरोबर बसून वाचली असती तर माझ्याकडे येणाऱ्यातल्या कितीतरी पोरांचे पैसे, वर्षं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उमेद वाचली असती. माझं या पत्रातलं मागणं एवढंच आहे, पण ते का मागतेय ते नीट सांगते.

सगळ्यात जास्त ज्यात पोरं अडकतात ते म्हणजे ३-ई आणि ३-पी, ज्यात आम्हीही अडकलो. ३-ई म्हणतं की दोन-चार पदार्थ नुसते एकत्र केले आणि त्या मिश्रणात प्रत्येकाचे गुण फक्त बेरजेने आले तर तो शोध नाही. कोरफड थंडावा देते, हळद जंतू मारते, दोन्ही एकत्र केल्यावर थंडावाही मिळतो आणि जंतूही मरतात, बरं मग नवीन काय झालं? पेटंट ऑफिसला बघायचं असतं की एकत्र आल्यामुळे बेरजेपेक्षा जास्त काहीतरी घडतंय का, दोन आणि दोन पाच होतायत का, आणि ते तुमच्या आकड्यांतून दिसलं पाहिजे. नुसती हळद लावलेला गट, नुसती कोरफड लावलेला गट, मिश्रण लावलेला गट, असे शेजारी शेजारी आकडे हवेत. आमच्या बारा पानांत असा एकही तक्ता नव्हता. ‘उत्तम परिणाम दिसून आले’ असं वाक्य मात्र चार वेळा होतं.

३-पी त्याच्या पुढचं. जे मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या वस्तूंच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती गोळाबेरीज आहे, त्याला पेटंट नाही. हे पोटकलमही २००२ च्या दुरुस्तीतच आलं आणि ते का आलं हे पोरांना सांगायलाच हवं, कारण त्यामागे हळदीचा सगळा इतिहास आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. हळदीचं! जी आपल्याकडे गुडघा फुटलेल्या प्रत्येक पोराला लावलेली असते. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरकारी संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं, आणि आव्हान देताना ‘आमची आजी लावायची’ असं सांगून चालत नाही, लिखित पुरावा लागतो, तर संस्कृत, उर्दू, हिंदी असे सगळीकडून ३२ संदर्भ शोधून काढले, काही शंभर वर्षांहून जुने, एक १९५३ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. नवीन काही नाही या कारणावर झालं हे लक्षात ठेवा, तिकडे आपल्यासारखं ३-पी नाहीये. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहायला लागली, टीकेडीएल म्हणतात तिला, आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या जुन्या ग्रंथांतले पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत आणून जगभरच्या पेटंट तपासनिसांना बघता येतील असे ठेवले. म्हणजे ज्या भांडारामुळे बाहेरच्यांना आपली हळद घेता आली नाही त्याच भांडारात तपासनीस तुमच्या विद्यार्थिनीचा काढाही शोधतो आणि तो बहुतेक वेळा सापडतो. मला हे कळलं तेव्हा आमचा अर्ज गेल्याचं दुःख खरंच निम्मं झालं. तो आक्षेप बरोबर होता. चौघींच्या नावावर वीस वर्षं कोरफड-हळद का म्हणून जावी?

आता इंजिनियरिंगवाले. यातले निम्मे अर्ज ॲपचे असतात. अटेंडन्सचं ॲप, भाजी घरपोच देण्याचं ॲप, मेसचा हिशोब ठेवणारं ॲप. ३-के मध्ये स्वच्छ लिहिलंय की गणिती पद्धत, धंदा करण्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम यांना पेटंट नाही. यातल्या ‘नुसता’ या शब्दावर, कायद्यात ‘पर से’ असा शब्द आहे, गेली वीस वर्षं वाद चालू आहेत. २००४ च्या वटहुकुमात हे पोटकलम सैल करायचा प्रयत्न झाला होता, संसदेने २००५ मध्ये कायदा करताना ते उचललं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत पेटंट ऑफिसने गाईडलाईन्स काढल्या त्यात नवीन हार्डवेअर पाहिजे असा आग्रह होता, २०१७ च्या गाईडलाईन्समधून तो गेला. मग डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी यांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शोध कॉम्प्युटर प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून तो फेकून देता येणार नाही, त्यातून काही तांत्रिक परिणाम दिसतोय का ते बघा. म्हणजे दार पूर्ण बंदही नाही आणि सताड उघडंही नाही.

हे पोरांना कसं समजावायचं? मी असं सांगते. मेसचा हिशोब वहीत होत होता तो मोबाईलवर आला, यात मशिनच्या आत काही बदललं नाही, ती हिशोबाची पद्धत आहे. पण समजा तुमच्या प्रोग्राममुळे विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर मोटरचा करंट वाचून कोरडं चालणं ओळखतो आणि ते आजवरच्या पद्धतींपेक्षा वेगळ्या तऱ्हेने, लवकर ओळखतो, मोटर जळायची वाचते, तर इथे एका खऱ्या वस्तूच्या वागण्यात फरक पडतोय, इथे बोलायला जागा आहे. ड्राय रन प्रोटेक्शन आधीपासून मिळतंच, त्यामुळे तुमचं नवीन काय आणि त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचलं नसतं का, हे पुढचे प्रश्न आहेतच. कलम ३ मधून सुटलं म्हणजे पेटंट मिळालं असं नाही, ते फक्त पहिलं फाटक आहे. आणि धंद्याच्या पद्धतीला तर तांत्रिक परिणामाची पळवाटसुद्धा नाही, दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये ओपन टीव्ही केसमध्ये ते सांगून टाकलंय. ज्या पोराने चार महिने जागून कोड लिहिलाय त्याला हे ऐकून वाटतं की आपली मेहनत पाण्यात. त्याला सांगा ना कुणीतरी, की बाबा तुझा कोड कॉपीराईट कायद्याखाली आपोआप सुरक्षित आहे, १९५७ च्या त्या कायद्यात प्रोग्रामला साहित्यकृतीत धरलंय, उद्या कुणी जसाच्या तसा उचलला तर तुला दाद मागता येते, त्यासाठी पेटंट लागत नाही.

३-एफ बद्दल थोडक्यात, कारण ते समजायला सोपं आहे. दोन माहितीतल्या वस्तू शेजारी शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं काम आधीसारखंच करत राहिल्या तर तो शोध नाही. पेटंट ऑफिसच्या मॅन्युअलमध्येच उदाहरणं आहेत, टॉर्च लावलेली बादली, पंखा लावलेली छत्री, चाळणी लावलेली पिठाची गिरणी. मी एका ग्रुपला ही ओळ वाचून दाखवली तेव्हा त्यातल्या एकाने हळूच आपली फाईल मिटली, त्यात टॉर्च आणि मोबाईल चार्जर लावलेला फवारणीचा पंप होता. हुशार होता पोरगा, वेल्डिंग स्वतः केलेलं. त्याला ही ओळ ऑगस्टमध्येच कळली असती तर त्याने त्या हातांनी दुसरं काहीतरी केलं असतं.

आता ३-डी. याबद्दल फार्मसीच्या पोरांना निदान नाव तरी माहिती असतं, पण त्यातलं गांभीर्य पोचलेलं नसतं. माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप काढलं, क्षार बदलला, स्फटिकाचा प्रकार बदलला, कणांचा आकार बदलला आणि त्याने गुण येण्यात भर पडली नाही, तर तो शोध नाही. माहीत असलेल्या औषधाचा नुसता नवा उपयोग सापडला तरी नाही. हे पोटकलम आत्ताच्या रूपात २००५ ला आलं, जेव्हा आपल्याला जागतिक व्यापार करारामुळे औषधांवर प्रॉडक्ट पेटंट पुन्हा द्यावं लागलं. त्याआधी १९७० च्या कायद्याने, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाला धरून, औषध बनवण्याच्या प्रक्रियेलाच फक्त पेटंट ठेवलं होतं, औषधाला नाही, आणि त्या जोरावर आपल्या कंपन्या स्वस्त औषधं बनवायला शिकल्या. दार उघडावं लागलं तेव्हा संसदेने ३-डी ची खिट्टी लावून ठेवली. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसच्या ग्लिवेकच्या केसमध्ये तिचा अर्थ सांगितला. रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध, महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे, जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं, दहा हजारांच्या आसपास. कंपनीचं म्हणणं की नवा स्फटिक शरीरात ३० टक्के जास्त शोषला जातो. कोर्ट म्हणालं, जास्त शोषला गेला म्हणून रोग जास्त बरा झाला हे कुठे दाखवलंय? औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोगावरचा गुण.

आणि यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. बेडाक्विलिन, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची गोळी. तिच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ ला संपत होती, पण जॉन्सन अँड जॉन्सनने तिच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळा अर्ज केला होता, तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. त्याला विरोध कुणी केला? मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघी टीबीतून उठलेल्या, दोघींची श्रवणशक्ती जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबई पेटंट ऑफिसने तो अर्ज नाकारला आणि नाकारण्याच्या कारणांत ३-डी होतं. मी हे पोरांना सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. कलम ३ हे फक्त आपले अर्ज फेटाळायला नाहीये, ज्या रांगेत टीबीची गोळी घ्यायला लोक उभे असतात त्या रांगेसाठी ते आहे, हे त्यांना त्या क्षणी कळतं. तुम्ही वर्गात नोव्हार्टिसची केस परीक्षेपुरती शिकवता, ही केसही शिकवा.

शेतीच्या कॉलेजांसाठी एच आणि जे महत्त्वाची. शेती किंवा बागायतीच्या पद्धतीला पेटंट नाही. म्हणजे दोन ओळींतलं अंतर, आंतरपीक, छाटणीची नवी वेळ, यातलं काहीही कितीही उत्पन्न वाढवत असलं तरी ते सगळ्यांचं. आणि झाडं, प्राणी, त्यांचे भाग, बी-बियाणं, वाण, संकर करून नवीन वाण काढायची नैसर्गिक प्रक्रिया यांनाही नाही, सूक्ष्मजीवांचा तेवढा अपवाद, आणि निसर्गात जसाच्या तसा सापडलेला सूक्ष्मजीव मात्र ३-सी खाली अडतो कारण तो सापडलाय, बनवलेला नाही. मग वाण काढणाऱ्याने काय करायचं? त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, आणि त्यात शेतकऱ्याने जपलेलं वाणही नोंदवता येतं, शिवाय शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त ब्रँड लावून नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून, वर्षानुवर्षं निवडत एचएमटी वाण तयार केलं, घड्याळावरचं नाव त्याला दिलं, थोड्याशा जमिनीवर. आज किती शेतांत ते पेरलं जातं, पण ते एवढे कष्ट करत होते तेव्हा त्यांच्यासाठी असा कायदाच नव्हता. आता आहे, तर तुमच्या विद्यार्थ्याला तो माहिती असू द्या.

बाकीची पोटकलमं पटकन. उपचाराची, ऑपरेशनची, निदानाची पद्धत चालत नाही, ते ३-आय, पण ऑपरेशनचं हत्यार चालतं, कारण डॉक्टरचे हात बांधायचे नाहीत एवढाच हेतू. फिजिओथेरपीच्या पोरांना हा फरक नक्की सांगा. काहीही न घालता वीज देत राहणारं यंत्र ३-ए मध्ये जातं आणि असे अर्ज अजूनही येतात. चोरीची किंवा खोट्या नोटांची यंत्रं, माणसा-प्राण्यांना, पर्यावरणाला गंभीर अपाय करणाऱ्या गोष्टी ३-बी. नाटक, गाणं, चित्र यांना कॉपीराईट आहे. खेळाचे नियम, शिकवायची युक्ती, माहिती मांडायचा तक्ता, यांनाही पेटंट नाही. चिपच्या आराखड्याला २००० चा स्वतंत्र कायदा. आणि वस्तू फक्त दिसायला नवीन असेल तर डिझाईन नोंदणी करा, जरूर करा, पण तिला पेटंट म्हणून बॅनर लावू नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली, बी.फार्मचीच, कुठल्या कॉलेजची ते सांगत नाही. राळेचा मलम घेऊन आली होती, स्टीलच्या छोट्या डबीत. तिची आजी तो करते, राळ, तिळाचं तेल आणि मेण, भेगा पडलेल्या टाचांना लावायला, लावणीच्या दिवसांत गावातल्या बायका मागून नेतात. कॉलेजने सांगितलेलं, याचं पेटंट टाक. तिला मी माझीच एफईआर दाखवली, अजून ठेवलीय मी ती, आणि ३-पी वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. मग मी विचारलं, तुझा मलम आणि आजीचा मलम सेम आहे का? तर म्हणाली, नाही, आजीचा आठ-दहा दिवसांनी फुटतो, तेल वर येतं. माझा नाही फुटत. का नाही फुटत? तर तिने वही काढली. राळ तेलात घालायच्या आधी तिने ती वेगळी तापवली होती, तापमान लिहिलेलं, मग मेण नेमकं कुठल्या टप्प्यावर, किती वेळ कसं घोटायचं, अकरा वेळा करून बघितलेलं, नऊ वेळा फसलेलं, प्रत्येक वेळेची तारीख आणि कारण. तिच्या गाईडनी ती वही कधी उघडलीच नव्हती, कारण अर्जात ‘हर्बल फॉर्म्युलेशन’ लिहिलं की काम झालं होतं.

म्हणजे मलम आजीचा, गावाचा, सगळ्यांचा. पण तो न फुटावा म्हणून जे केलं ते तिचं. ते नवीन आहे की नाही हे आम्ही अजून शोधतोय, कदाचित कुणीतरी आधी केलेलंही निघेल. पण कलम ३ वाचलं म्हणून तर ती त्या वहीपाशी पोचली! काय माझं नाही हे आधी बाजूला काढलं की उरतं ते हातात धरून बघता येतं. तुमच्या लॅबमध्ये अशा किती वह्या पडल्या असतील याचा विचार करून मला कधीकधी झोप लागत नाही, खरंच सांगते.

म्हणून मागणं करते. जुलैमध्ये, टॉपिक ठरवताना, कलम ३ ची दोन पानं ग्रुपबरोबर बसून वाचा, इंग्रजीतून अडलं तर मराठीतून समजावून सांगा. प्रत्येक ग्रुपला एकच प्रश्न विचारा, यातलं आधीपासून सगळ्यांचं काय आहे आणि तुम्ही काय केलंत. अर्ज पोरांच्या पैशातून टाकत असाल तर एफईआर आल्यावर उत्तर कोण देणार आणि कुठल्या ईमेलवर ते येणार, हे अर्ज टाकायच्या दिवशीच लिहून ठेवा, पोरं पास होऊन जातात, कॉलेज तिथेच असतं. पोस्टर आणि पेपर आधी छापून नंतर अर्ज टाकू नका, त्याने नावीन्यच जातं. आणि जे पेटंट न मिळण्याजोगं आहे त्यालाही प्रोजेक्ट म्हणून पूर्ण मार्क द्या, छाटणीची चांगली पद्धत शोधणारं पोरगं पंख्याच्या छत्रीपेक्षा कमी का ठरावं? कुणाला वाटलं की हे समजावून सांगायला बाहेरचं माणूस हवं तर मी शनिवारी येते, मानधन नको, फळा आणि खडू पुरे.

त्या मुलीने अजून अर्ज टाकलेला नाही. डब्या खोलीतल्या कपाटात ओळीने ठेवल्यात, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी, निम्म्या आजीच्या पद्धतीच्या आणि निम्म्या तिच्या, दर आठवड्याला उघडून तेल वर आलंय का बघते आणि वहीत लिहिते. सहा महिन्यांचे आकडे झाल्याशिवाय टाकायचा नाही असं आमचं ठरलंय, आणि ते मार्चच्या आत होणार नाहीत. तिच्या कॉलेजच्या कोऑर्डिनेटर सरांनी हे पत्र वाचलं तर त्यांना हात जोडून विनंती, तिला यंदाच्या यादीत धरू नका.

आपली,
तुमच्यासारख्याच एका कॉलेजची जुनी विद्यार्थिनी